सैरीला निघणाऱ्यांची संख्या

हैदराबाद सरकारच्या १३५० फसली सालातल्या इसफंदार महिन्यात, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, ताडबोरीच्या नायब तहसील कचेरीत हैदराबादेहून एक लाकडी पेटी आली. पेटीत कापसात गुंडाळलेलं थर्मामीटर होतं आणि सोबत चार पानांची उर्दू गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक. आजारातून उठलेल्या सरकारी अंमलदारांना महिना-दोन महिने हवापालटासाठी कुठं पाठवावं, याचा शोध सरकार घेत होतं. मुलखातल्या लहान कसब्यांची आबोहवा कशी आहे, तिथं सैर-तफरीहची, म्हणजे फिरण्या-विरंगुळ्याची, काय सोय आहे आणि एकूण ती जागा माणसानं राहण्याजोगी आहे का, हे पाच महिन्यांत कळवायचं होतं.

ताडबोरी उमरी स्टेशनापासून सात मैलांवर, नायगावच्या अंगाला. गावाच्या मावळतीला ओढ्याच्या दोन्ही काठांनी शिंदीचं आणि ताडाचं मोठं बन होतं. आसपासच्या गावांत ताडबोरीचं नाव काढलं की ऐकणारा हसायचा, कारण इथं माणसं यायची ती प्यायला. प्याल्यावर त्यांना इथली हवा चांगलीच वाटायची, पण ते मत गश्तीत धरण्यासारखं नव्हतं.

नायब साहेबांनी गश्ती दोनदा वाचली आणि त्यांच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी तरतरी आली. त्यांची बेगम हैदराबादेत राहत होती. चार वर्षांपूर्वी ती एकदाच ताडबोरीला आली होती. धमणीतून उतरून तिनं घराकडं पाहिलं आणि गाडी परत गेली का, एवढंच विचारलं. गाडी गेली नव्हती. तेव्हापासून साहेब एकटे होते. सरकारनंच गाव राहण्याजोगं ठरवलं, तर बेगमला काही बोलायला जागा उरणार नाही, असा त्यांचा हिशोब होता.

"अवधूतराव, ये काम आपके सुपुर्द," ते म्हणाले.

अवधूतराव कचेरीतले कागदपत्रं सांभाळणारे पेशकार. वय बत्तीस, उर्दू अक्षर मोत्यासारखं, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय. त्यांची बायको गोदावरी नांदेडच्या वसंतराव वकिलांची मुलगी. ताडबोरीला येऊन त्यांना सात वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांचा अकरा महिन्यांचा मुलगा जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेला. त्यानंतर घरात मीठ संपलं, तेल आणायचंय, पाणी तापलंय, एवढंच बोलणं राहिलं होतं. भांडण असं कधी झालं नाही.

गश्तीसोबतच्या तक्त्यात सोळा रकाने होते. पाऊस, पाणी, डास, साप हे रकाने अवधूतरावांनी आठवड्यात भरले. नववा रकाना अवघड निघाला. त्यात रोज संध्याकाळी सैरीला निघणाऱ्यांची संख्या लिहायची होती. ते पोलीस पाटील शेषेरावांकडं गेले.

"पाटील, संध्याकाळी फिरायला कुठं जाता?"

"शेतात."

"शेतात कामाला जाता. तसं नाही. काम नसताना कुठं जाता?"

शेषेरावांनी विचार केला. "काम नसलं की बसतो की."

"आणि बसून कंटाळा आला की?"

"आडवा व्हतो."

अवधूतरावांनी वाण्याला विचारलं, शाळामास्तरला विचारलं, देवळाच्या गुरवाला विचारलं. गावात सगळे चालत होते, पण विनाकारण कुणीच चालत नव्हतं. त्यांनी वीस दिवस रोज शून्य लिहिलं.

नायब साहेबांनी तक्ता पाहिला. "सिफर पे सिफर! ऐसे में कौन आएगा इधर?"

"साहेब, कुणी निघतच नाही."

"तो निकालो किसी को."

अवधूतरावांनी यावर एक दिवस विचार केला. महाराला किंवा चपराशाला हुकूम करून फिरवलं, तर ते फिरणं सरकारी काम झालं. ते सैरीत धरता येणार नव्हतं. खोटा आकडा लिहायचा तर अक्षर बिघडायचं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. शेवटी एकच माणूस उरला. थर्मामीटर भिंतीपासून लांब, मोकळ्या हवेत, सावलीला टांगावं असं गश्तीत होतं. तशी सावली फक्त बनात, मलप्पाच्या झोपडीमागच्या जांभळीखाली होती. रोज संध्याकाळी तिथवर जाऊन पारा पाहणं हे काम झालं. तिथून पुढं ओढा ओलांडून टेकाडापर्यंत जायचं आणि परत यायचं, ही सैर. त्यांनी नवव्या रकान्यात एक लिहिला.

मलप्पा शिंदी काढणारा. कमरेला दोर बांधून तो झाडावर चढायचा आणि खाच पाडून मडकं अडकवायचा. त्याची बायको नीलम्मा खाली झोपडीत विकायला बसायची. पेशकार रोज येतो, झाडामागं जातो, कागदावर काहीतरी लिहितो आणि एक थेंबही पीत नाही, हे मलप्पानं आठ दिवस वरून पाहिलं. नवव्या दिवशी तो झाडावरून उतरला.

"पंतुलू, तुम्ही आबकारीचे हाव का?"

"नाही."

"मग लिवता काय?"

"हवा किती गरम आहे ते."

मलप्पानं हात पुसले. "ते लिवून कमी व्हती का?"

"नाही होत."

मलप्पाचं समाधान झालं नाही. त्यानं परवान्यात नसलेल्या चार झाडांची मडकी उतरवून ठेवली आणि रामराम घालायला लागला.

गावाचं मत मात्र दुसरं होतं. साडेपाच वाजता पेशकार बनात शिरतो आणि साडेसहाला बाहेर येतो, याचा अर्थ ताडबोरीत एकच होता. शेजारच्या साखराबाईनं विहिरीवर गोदावरीला बाजूला घेतलं.

"गोदाबाई, तुला म्हणून सांगते. राग मानू नको. तुझा मालक बनात जाऊन राहिला."

"कामाला जात असतील."

"रोज? अन् डुलत येत न्हाई, हे लई वाईट. डुलणारा सुटतो बाई. सवय झालेला सरळ चालतो."

गोदावरीनं घरी येऊन नवऱ्याचा सदरा हुंगला. सदऱ्याला आंबूस वास होता. बनात सगळ्याच गोष्टींना तो वास होता, पण ती सात वर्षांत बनात गेलेली नव्हती. संध्याकाळी अवधूतराव आले, हातपाय धुतले, जेवले. तिनं विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांना पत्र लिहिलं. त्यात तिनं प्रकृती चांगली आहे असं लिहिलं आणि खाली, आप्पा, जमल्यास येऊन जावं, एवढी एक ओळ.

आपली मुलगी 'जमल्यास' असं कधी लिहीत नाही, हे वसंतरावांना ठाऊक होतं. फरवर्दीच्या शेवटी, शिमगा तोंडावर असताना, ते नांदेडहून गाडीनं उमरीला उतरले आणि बैलगाडीनं दुपारी ताडबोरीला पोचले. चहा झाला. मग त्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं, कोर्टात उभं राहायच्या आधी करायचे तसं, आणि जावयाला समोर बसवलं. गोदावरी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली.

"अवधूतराव, संध्याकाळी आपण कुठं जाता?"

"बनात."

"किती दिवस झाले?"

"सव्वीस."

वसंतरावांनी उपरणं पुन्हा नीट केलं. इतक्या सरळ कबुलीची त्यांना सवय नव्हती. "तिथं काय करता?"

"पारा पाहतो. मग टेकाडापर्यंत जातो."

"टेकाडावर काय आहे?"

"काही नाही."

"मग कशाला जाता?"

"काही नाही म्हणूनच जातो, मामा. काही असतं तर धरता आलं नसतं."

वसंतरावांनी मुलीकडं पाहिलं. प्यालेला माणूस असं बोलतो, पण या माणसाचे डोळे स्वच्छ होते. अवधूतरावांनी आत जाऊन गश्ती आणि तक्ता आणला. वसंतराव उर्दू मोठ्यानं वाचत आणि लगेच मराठीत सांगत गेले. आबोहवा. सैर. नववा रकाना. तिथं वीस शून्यांनंतर सव्वीस वेळा एकचा आकडा होता. त्यांच्या मिशा हलल्या, पण वकील माणूस, हसले नाहीत.

"अहो, एवढं तुम्हाला घरात सांगता आलं नाही?" गोदावरी दाराआडून म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"सगळं गाव काय बोलून राहिलं ते ठाऊक आहे?"

"मला कुणी विचारलं नाही."

वसंतराव वाचत होते. दहावा, अकरावा, बारावा रकाना झाला. "चौदावा. बच्चों की सेहत. इथल्या हवेत लहान मुलं कशी राहतात." त्यांनी पान उलटून पाहिलं. "हा कोरा आहे."

 बाहेर बैलांच्या घंटा वाजत होत्या. अवधूतराव तक्त्याच्या कोपऱ्याची घडी सरळ करत राहिले. दोन महिन्यांत त्यांनी तो रकाना सोळा वेळा उघडला होता आणि दौत बंद करून उठले होते.

गोदावरी बाहेर आली. "आज मी येते," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुम्ही जाता तिथं."

त्या काळी ताडबोरीत बायको नवऱ्याबरोबर जत्रेला, लग्नाला नाहीतर माहेरीच जायची. साडेपाच वाजता गोदावरी लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन निघाली, तेव्हा तिच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. ओढ्याकाठी मरीआईचं ठाणं होतं. कुणी पाहिलं तर देवीला चालले म्हणता आलं असतं.

अवधूतराव उंबऱ्यातच थांबले. "ताट घेतलंस तर तुला धरता येणार नाही."

"म्हणजे?"

"देवाला निघालेला माणूस सैरीत धरत नाहीत."

"आणि लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

"मी सांगतो तेच. हवा खायला."

गोदावरीनं वडिलांकडं पाहिलं. वसंतरावांनी पुन्हा गश्ती चाळली आणि म्हणाले, "कायद्यानं ते बरोबर आहेत, गोदा."

तिनं ताट परत देवघरात ठेवलं. रस्त्यावर आल्यावर तिला हातांचं काय करावं ते कळेना. लहानपणापासून ती घराबाहेर कधी रिकाम्या हातांनी निघाली नव्हती. कळशी असायची, धुणं असायचं, ताट असायचं, नंतर काही दिवस मूल होतं. थोडं चालल्यावर तिनं हात पदराखाली एकमेकांत गुंतवले. ओट्यावर बसलेल्या बायका गप्प झाल्या. साखराबाई उठून उभीच राहिली.

"कुठं गं?"

"हवा खायला," गोदावरी म्हणाली. साखराबाईनं आकाशाकडं पाहिलं.

बनात गार होतं. उन्हं तिरपी झाली होती आणि झाडांच्या सावल्या ओढ्याच्या अलीकडं पडल्या होत्या. मलप्पा वरून ओरडला, "अम्मा, आता तुमीबी लिवणार का?" नीलम्मानं खाली माठावर फडकं टाकलं आणि बसायला पोतं अंथरलं. गोदावरी बसली नाही. जांभळीला टांगलेली काचेची नळी तिनं जवळून पाहिली. अवधूतरावांनी आकडा लिहिला. मग ओढ्यातल्या दगडांवरून ते पलीकडं गेले. तिसरा दगड हलत होता. अवधूतराव पुढं होते. ते वळले आणि त्यांनी हात पुढं केला. सात वर्षांत उघड्यावर त्यांनी असं केलं नव्हतं, आणि बनात वीसेक माणसं पीत बसली होती. गोदावरीनं हात धरला आणि पलीकडं गेल्यावर सोडला.

टेकाडावर खरंच काही नव्हतं. एक सपाट खडक होता आणि उमरीकडची झाडी दिसत होती. दोघं खडकाच्या दोन टोकांना बसली. वारा होता. उडणारा पदर धरून ती म्हणाली, "चौदाव्यात काय लिहिणार?"

"माहीत नाही."

"खरं काय ते लिहा."

"ते कसं लिहायचं?"

"एक होता म्हणून लिहा. अकरा महिन्यांचा. तीर महिन्यात गेला. आणि त्या उन्हाळ्यात गावातली अजून सहा गेली. सहाच्या सहा मला पाठ आहेत. भुजंग तेल्याची जुळी, साखराबाईचा नातू..." तिनं बोटांवर सगळी नावं सांगितली. विहिरीचं पाणी तेव्हा तळाला गेलं होतं आणि सगळ्यांनी तेच प्यायलं होतं, हेही तिनं सांगितलं. "पाणी उकळायला पाहिजे होतं. मलाच उशिरा सुचलं."

"मलाही सुचलं नाही," अवधूतराव म्हणाले.

गोदावरी रडली. अवधूतराव रडले की नाही ते तिनं पाहिलं नाही, कारण ते उमरीकडं तोंड करून बसले होते. उठताना त्यांनी तिला विचारलं, "दमलीस का?" मीठ-तेलाशिवायचा, तिच्याविषयीचा हा दोन वर्षांतला त्यांचा पहिला प्रश्न होता. ती म्हणाली, "नाही. उद्यासुद्धा येते."

त्या दिवशी नवव्या रकान्यात दोन लिहिले गेले, आणि चौदावा रकाना पुरला नाही म्हणून वेगळा कागद जोडावा लागला.

वसंतराव दोन दिवसांसाठी आले होते ते पंधरा दिवस राहिले. त्यांना वर्षानुवर्षं पोटाचा त्रास होता. टेकाडापर्यंत जाऊन आल्यावर भूक लागते, असं त्यांच्या ध्यानात आलं. वकील रोज जातात म्हणजे काहीतरी मिळत असणार, म्हणून शेषेराव पाटीलही एकदा मागं आले. टेकाडावर पोचून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"हितं काय हाय?"

"काही नाही," वसंतराव म्हणाले.

"मग बसू का?"

"बसा की."

ते बसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. साखराबाई आली ती सुनेला घेऊन. नातवाचं नाव सरकारच्या कागदावर गेलंय, हे तिला गोदावरीनं सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिनं गोदावरीची बाजू घ्यायला सुरुवात केली. खुर्दादमध्ये, उन्हं तापायला लागली तसा, आकडा अकरावर गेला. काही जण परतीच्या वाटेवर मलप्पाच्या झोपडीत थांबायचे. त्यांना अवधूतरावांनी वजा केलं. मलप्पाचा धंदा वाढला होता आणि ती चार मडकी पुन्हा वर चढली होती. तो आता पारा स्वतःच वाचायला शिकला होता आणि गिऱ्हाइकांना आकडा ओरडून सांगायचा. आकडा जितका मोठा, तितकी शिंदी जास्त खपायची.

तीर महिन्यात, ऐन वैशाखात, हैदराबादेहून एक डॉक्टर साहेब तपासणीला आले. उमरीपासून सात मैल गाडीत बसून त्यांचा चेहरा तांब्याच्या घंगाळासारखा झाला होता. दुपारी तीनला जांभळीखाली पारा एकशे तेरावर होता. नायब साहेबांनी नळी बिघडलेली असण्याची शक्यता बोलून दाखवली. डॉक्टर साहेबांनी आपली स्वतःची नळी काढली. ती एकशे चौदा म्हणाली.

संध्याकाळी ते सगळ्यांबरोबर टेकाडावर गेले. खडकावर बसून त्यांनी चौदाव्या रकान्याचा जोडकागद वाचला, मग परत वाचला.

"ये किसने लिखवाया?"

अवधूतरावांनी गोदावरीकडं पाहिलं. ती पदर सावरून उभी राहिली. डॉक्टर साहेब तिच्याशी जपून, मोडक्या मराठीत बोलले. "बाई, हे गाव राहायलायक आहे?"

"नाही," गोदावरी म्हणाली. नायब साहेबांनी डोळे मिटले. "विहीर बांधून द्या. वर झाकण आणि रहाट. मग तुमची माणसं पाठवा."

डॉक्टर साहेबांनी टिपून घेतलं. निघताना त्यांनी अवधूतरावांच्या अक्षराची तारीफ केली.

अमरदादमध्ये, पावसाच्या तोंडाशी, उत्तर आलं. ताडबोरी हा कसबा उष्णतेमुळं, पाण्यामुळं आणि शिंदीच्या बनाच्या सान्निध्यामुळं अंमलदारांच्या राहण्यास नालायक ठरवण्यात येत आहे. थर्मामीटर परत पाठवावं. विहिरीबद्दल वेगळा कागद होता. ती मंजूर झाली होती. कशी झाली ते कुणाला कळलं नाही, पण दिवाळीच्या आधी काम सुरू झालं.

नायब साहेब दोन दिवस ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी अवधूतरावांना बोलावलं. त्यांच्या तोंडावर पुन्हा तरतरी होती.

"देखो, सरकार ख़ुद कहती है, अंमलदार के रहने के नालायक! मैं अंमलदार हूँ कि नहीं?"

"आहात, साहेब."

"तो मुझे यहाँ रखा कैसे?"

अर्ज अवधूतरावांनीच लिहिला. सरकारच्या उत्तराची नक्कल सोबत जोडली. दीड महिन्यात साहेबांची हैदराबादेला बदली झाली. जाताना त्यांनी अवधूतरावांना मिठी मारली आणि सांगितलं, तुम्हीही असाच अर्ज करा, मी वर बसून पाहतो, लातूरला किंवा थेट हैदराबादेला जागा मिळवून देतो.

दिवाळीनंतर अवधूतरावांनी अर्जाचा मसुदा केला. रविवारी दुपारी त्यांनी तो गोदावरीला वाचून दाखवला. विचारल्याशिवाय त्यांनी तिला काही सांगण्याची ही पहिली वेळ होती. ती लसूण सोलत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"हैदराबादेत संध्याकाळी आपण जायचं कुठं?"

"बागा आहेत म्हणतात. मोठ्या."

"तिथं माणसं मुद्दाम फिरायलाच येत असतील."

"हाव."

"मग तिथं आपली गरज काय?" ती म्हणाली. "आणि विहिरीचं काम अर्धं झालंय. कुणीतरी उभं राहून पाहायला पाहिजे."

अवधूतरावांनी मसुदा दुमडून दौतीखाली ठेवला. आभाळ भरून आलं होतं आणि साखराबाई ओट्यावर चपला घालून बसली होती, म्हणून त्या दिवशी दोघं सैरीला जरा लवकर निघाले.